कुलूप डावाची किंमत

राणू गावड्याचा गुडघा मोडला त्याचा आवाज मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. त्याची किंकाळी मात्र जरा उशिरा आली, आणि तेवढ्यात त्याचा भाव पडून गेला होता. पाठीला चिकटवलेल्या पट्टीनं हाड तुटल्याची वर्दी यंत्राला दिली, यंत्रानं बाजाराला दिली, आणि राणूनं ओरडायला तोंड उघडेपर्यंत त्याचा शेअर फुकट घ्यायलाही कुणी तयार नव्हतं.

पैलवानांचे शेअर निघाले तेव्हा कोल्हापुरात सगळ्यांना ते झकास वाटलं होतं. बदाम, दूध, तूप यांचा खर्च हल्ली कुठल्या तालमीला झेपतो? लोकांनी आवडत्या पैलवानाचा शेअर घ्यावा, त्यावर त्याचा खुराक चालावा, आणि तो जिंकला की इनामातला वाटा शेअरवाल्यांना मिळावा. पण माणूस एवढ्यावर थांबतो थोडाच. शेअरवर सौदे निघाले, तेजीचे आणि मंदीचे. मंदीचा सौदा म्हणजे, आज थोडे पैसे देऊन एक हक्क विकत घ्यायचा: अमुक मैदानाच्या दिवशी भाव कितीही कोसळला, तरी मी हा शेअर ठरलेल्या भावानं तुझ्या गळ्यात मारीन. हक्क आहे, सक्ती नाही. भाव पडला नाही तर हक्क वापरायचा नाही, सोडून द्यायचा. या हक्काची किंमत ठरवायचं काम ‘तराजू’ नावाचं यंत्र करी, आणि तराजूच्या आतलं गणित अनुप्रिया खोतच्या हाती होतं.

राणूचा गुडघा मोडल्याच्या दुसऱ्या सकाळी, तराजू चालवणाऱ्या पेढीच्या अंगणात मोकाशी दलालाला लोकांनी धरलं. राणूची मंदी त्यानं पोत्यानं विकली होती, कारण तराजूनं ती मातीमोल ठरवली होती. आता देणं द्यायला त्याच्यापाशी काही नव्हतं. चौघांनी त्याला पायरीवर आडवा पाडला, उजवा हात दगडावर पसरला आणि गाडीच्या जॅकच्या दांड्यानं एकेक बोट मोडत नेलं. अनुप्रिया धावत खाली येईपर्यंत ते निघूनही गेले होते. पायरीवर रक्त होतं, एक दात पडला होता, आणि मोकाशी स्वतःच्या हाताकडं दुसऱ्या कुणाची वस्तू बघावी तसा बघत बसला होता.

“मॅडम, तुमचं यंत्र म्हणालं होतं, असं होतच नाही,” तो म्हणाला.

यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याला जे गृहीत धरायला शिकवलं होतं, त्यातून तेच उत्तर निघत होतं. शेअरबाजाराचं जुनं, मानाचं गणित असं धरून चालतं की भाव दारुड्यासारखा चालतो. एक पाऊल पुढं, एक मागं, आणि प्रत्येक पाऊल आधीचं पाऊल विसरून पडतं. पावलं रुपयात नाही, टक्क्यात मोजायची, म्हणजे भाव शून्याखाली जात नाही. अशी हजारो बारकी पावलं एकत्र केली की शक्यतांचा ढीग तयार होतो, आखाड्यात मातीच्या पाट्या ओतल्यावर होतो तसाच. मधे उंच, दोन्ही अंगांना उतरता, आणि कडेला बोटभरही माती नाही. त्या कडेवरच्या मंदीला किंमत कोण देणार? शिवाय भाव चालतो, उडी मारत नाही, असंही धरलेलं असतं. मंदी विकणाऱ्यानं दर पावलागणिक थोडी सावरासावर केली की तो कधी बुडत नाही, हे त्यावरच उभं आहे.

जे चालतं त्याला हे गणित लागू पडतं. गुडघा चालत चालत मोडत नाही. तो असतो आणि मग नसतो. आणि पावलं एकमेकांना विसरतात हे तर पैलवानाला सांगून बघा, तो हसेल. एकदा जोरात आपटलेला गडी पुढच्या कुस्तीत बिचकतो, समोरच्याला त्याचा वास येतो, आणि मग तो दुप्पट जोरानं आपटतो. मारातून मार जन्माला येतो. अनुप्रियाला हे लहानपणापासून ठाऊक होतं, आणि तरी तिनं तेच जुनं गणित तराजूत घातलं होतं, कारण ते देखणं होतं.

पेढीचे मालक प्रभुदेसाई शांत माणूस. आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी मोकाशीच्या दवाखान्याची सोय केली आणि अनुप्रियाला बोलावून सांगितलं की ढिगाची कड दुरुस्त करा. जे पूर्वी कधीच घडलं नाही आणि उद्या घडू शकतं, ते यंत्राला कळलं पाहिजे. ती म्हणाली, जे कधी घडलंच नाही त्याची नोंद आणायची कुठून? ते म्हणाले, तुम्ही वस्तादाची मुलगी आहात, शोधा.

तिला शोधावं लागणार नव्हतं.

अनुप्रियाचे वडील, आबा खोत वस्ताद, यांची तालीम नदीच्या अंगाला होती. तिचा धाकटा भाऊ भैरू तिथंच वाढला, आणि आता त्याचाही शेअर बाजारात होता. पहिल्यांदा नोकरी लागली तेव्हा तिनं आबांना हा हक्काचा सौदा समजावून सांगितला होता. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे वस्तादानं राखून ठेवलेला डाव की गं. हाय म्हणून किंमत. वापरला की संपला.” इतकी वर्षं शिकून तिला कुणी याहून सोपं सांगितलं नव्हतं.

कारण वस्ताद एक डाव राखतोच. सगळं शिकवतो, पण एक डाव पोटात ठेवतो, उद्या चेला माजला तर त्याला आवरायला. आबांच्या डावाचं नाव होतं कुलूप. गुरूकडून त्यांना मिळालेलं, मैदानात एकदाही न लावलेलं. एक हात हनुवटीखालून, दुसरा काखेतून मानेवर, आणि पाठीवर सगळा भार. आबांना एकच घोर होता, आपण मेलो तर हा डाव जाणार. चेल्याला शिकवायचा नाही, मुलाला तर नाहीच, कारण मुलगाही चेलाच. मग त्यांनी असा तोडगा काढला जो फक्त वस्तादाच्या डोक्यातून निघू शकतो. त्यांनी कुलूप मुलीला शिकवलं. हिला कोण जत्रेत उतरवतंय, असा त्यांचा हिशेब.

लावायला त्यांनी तिला एका दुपारी शिकवलं आणि सोडायला वर्षभर. कारण कुलपाला तोड नाही. ज्याच्यावर बसलं त्याला ते काढता येत नाही, ज्यानं लावलं त्यानंच सोडायचं. आणि नुसते हात ओढून घेतले तर मान आणखी पिळते. सोडणाऱ्यानं आधी पुढं झुकायचं, स्वतःची पाठ उघडी टाकायची, उताणं पडायची तयारी ठेवायची, तेव्हा कुठं कोपर आत वळतं आणि समोरचा मोकळा होतो. म्हणजे समोरच्याला वाचवायचं तर आपण चीत व्हायचं. आबा तिला वळकटीवर लावायला लावत, मग स्वतःच्या मानेवर, आणि म्हणत, सोड. पुन्हा लाव. पुन्हा सोड.

पेढीच्या प्रयोगशाळेत तिनं अंगभर पट्ट्या लावल्या आणि रबरी बाहुलीवर कुलूप टाकलं. बाहुलीची मान पडद्यावर तांबडी झाली, मग काळी. तराजूनं एका झटक्यात ढिगाची कड वर उचलली, आणि कडेवरची मंदी महाग झाली. तिला खरंच बरं वाटलं. आता माणसाच्या मरणावर कुणी चिल्लर लावून खेळणार नाही, आणि भैरूच्या मानेची किंमत निदान कागदावर तरी खरी लागेल, असं तिच्या मनात होतं. बाहुलीला सोडवायची गरज पडली नाही. बटण दाबलं की तिची मान आपोआप सैल पडायची.

चिंचमाळच्या जत्रेच्या सकाळी ती पेढीत होती. भैरूची कुस्ती दुपारी, मंगळवेढ्याच्या दिग्विजय शेळकेशी. तिला मैदानावर जायचं होतं, निघता निघता तिनं पडद्यावर नजर टाकली, आणि तिथंच खुर्चीत बसली.

भैरूच्या मंदीची खरेदी चढत होती. शेळक्याच्या मंदीचीही. दोघांत एक पडतो तेव्हा दुसऱ्याचा भाव चढतो, एवढं शेंबडं पोरही सांगेल. मग दोघांच्या पडण्यावर एकाच वेळी पैसे कोण लावतंय? आणि लावतंय तेही जुन्या, मातीमोल दरानं, कारण तिची दुरुस्ती अजून बाजाराला लागूच झाली नव्हती. ती लागू करायचं बटण प्रभुदेसायांच्या हातात होतं.

ती त्यांच्या खोलीत गेली. त्यांनी काही लपवलं नाही. दुरुस्ती संध्याकाळी लागू होईल, ते म्हणाले. दरम्यान त्यांनी दुसरंही एक काम केलं होतं. भाव काढायला तराजू आतल्या आत ज्या कुस्त्या खेळवी, त्या ते तालमींना सरावासाठी विकत. डोळ्यांवर चष्मा चढवायचा, अंगात पट्ट्यांचा सदरा, आणि यंत्रातल्या पैलवानाशी झुंजायचं. महिनाभरापूर्वी त्या पैलवानाच्या डावांत त्यांनी कुलूप टाकलं होतं. मंगळवेढ्याच्या तालमीनं ते विकत घेतलं, दिग्विजय त्यावर रोज घाम गाळत होता.

“आमच्या भैरूला मारणार आहात तुम्ही,” ती म्हणाली.

“मी कुणाच्याच बाजूचा नाही, अनुप्रिया. तुमच्या भावाला वडिलांनी राखलेला डाव येत असेल, अशीही माझी अटकळ होती. दोघांपैकी कुणाचं तरी काहीतरी मोडेल, एवढंच मी विकत घेतलंय. मैदानातल्या इजेला आपल्याकडं गुन्हा धरत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे.”

तिनं टेबलावरचं पितळी वजन उचललं आणि त्यांच्या तोंडावर हाणलं. त्यांचा ओठ फाटला, चष्मा फुटला, ते खुर्चीसकट मागं गेले. त्यांनी रुमाल काढून तोंडाला लावला आणि पडद्याकडं बघायला लागले. ती जिना उतरली तेव्हा तिच्या हातात अजून ते वजन होतं, ते तिनं गाडीत टाकलं.

रस्त्यात तिनं आबांना फोन लावला, भैरूला लावला, पुन्हा आबांना लावला. हलगीच्या कडकडाटात तो कोण ऐकणार. चिंचमाळच्या माळावर गाडी टाकून ती गर्दीत घुसली तेव्हा सलामी झडून गेली होती. दोघांनी मूठभर माती एकमेकांच्या अंगाला लावली होती आणि इकडच्या रिवाजाप्रमाणं ‘मातीतलं मातीत’ म्हणून झालं होतं. त्याचा अर्थ, इथं जे होईल त्याची तक्रार कुणी बाहेर न्यायची नाही.

आबा आखाड्याच्या कडेला पटका बांधून बसले होते. ती त्यांच्या पायाशी जाऊन कोसळली.

“आबा, कुस्ती थांबवा. शेळक्याला कुलूप येतंय.”

आबांना आधी कळलंच नाही. मग त्यांचा चेहरा दगड झाला.

“कुणी दिलं?”

“मी.”

आबांनी सगळ्या मैदानादेखत तिच्या कानाखाली वाजवली. जन्मात त्यांनी तिला बोट लावलं नव्हतं. तिच्या तोंडात रक्ताची चव आली. ते उठून पंचांकडं ओरडत निघाले, पण तेवढ्यात लोकांनी एकच गिल्ला केला, आणि तिनं वळून बघितलं तर शेळके भैरूच्या पाठीवर होता.

एक हात हनुवटीखालून. दुसरा काखेतून मानेवर. जसा तिनं बाहुलीला घातला होता, तसाच, मनगटाच्या वळणासकट. स्वतःचा हात दुसऱ्याच्या खांद्यातून बाहेर आलेला बघावा, तसं तिला झालं.

भैरूनं मातीवर हात आपटले. पण निकाली कुस्ती होती, पाठ लागेपर्यंत ती सुटत नाही. पंचांना वाटलं गडी झुंजतोय. लोकांना वाटलं आता उसळी मारणार, ते शिट्ट्या घालायला लागले. भैरूचा चेहरा जांभळा पडला, डोळे बाहेर आले, तोंडातून लाळ आणि माती गळायला लागली. ती दोरीखालून आत शिरली. कुणीतरी तिचा पदर ओढला, तो फाटला, ती धावत राहिली. ती चार हातांच्या अंतरावर असताना शेळक्यानं आपले हात ओढून घेतले, आणि भैरूची मान वळली, कुठल्याही माणसाची वळत नाही इतकी. कोयत्यानं हिरवा बांबू तोडावा तसा आवाज झाला. भैरू तोंडावर पडला आणि त्याच्या धक्क्यानं आपसूक उताणा झाला.

हलगी वाजतच होती. जिंकला म्हणून लोक ओरडत होते. शेळके उभा राहिला, हात लोंबकळत, आणि खाली पडलेल्या भैरूकडं बघत राहिला.

अनुप्रियानं पाठीमागून त्याच्यावर झेप घेतली. ती काही पैलवान नव्हती, पण कुलपाला ताकद लागत नाही. त्याचा गुडघा लाथेनं दुमडला, तो खाली आला, आणि तिचे हात आपोआप आपल्या जागी जाऊन बसले. हनुवटीखालून. काखेतून. मानेवर. तिनं भार टाकला आणि त्याच्या मणक्यातली पहिली कुरकुर तिला स्वतःच्या दंडात ऐकू आली. तिला त्याला मारायचं होतं. दुसरं काहीही नको होतं.

खांबावरच्या मोठ्या पडद्यावर भाव दिसत होते. शेळक्याच्या पाठीवरच्या पट्टीनं मानेचा पीळ ओळखला होता, आणि त्याचा भाव धडाधड कोसळत होता. तिच्याबद्दल तराजूपाशी काहीच नव्हतं. तिची एकही कुस्ती त्यानं कधी बघितली नव्हती. ती पुढं काय करील याच्या जागी पडद्यावर नुसती रेघ होती.

मैदान दुभंगलं. ज्यांच्याकडं शेळक्याचे शेअर होते ते “सोड, सोड” म्हणून गळा काढत होते. ज्यांनी त्याची मंदी घेतली होती ते उठून उभे राहून “मोड तिच्यायला, मोड” म्हणून ताल धरत होते. दोन्ही बाजूंच्या लोकांत हाणामारी जुंपली, खुर्च्या उडाल्या, कुणाचं तरी डोकं फुटून तो माणूस दोरीवर येऊन लोंबला. आबा मातीत बसले होते. भैरूचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं, आणि ते त्याच्या तोंडातली माती बोटानं काढत होते. त्यांनी तिच्याकडं एकदा बघितलं.

शेळके श्वासासाठी तडफडत होता. त्याच्या घशातून आवाज आला तेव्हा तो तिच्या कानाला लागूनच होता, म्हणून फक्त तिलाच ऐकू गेला.

“ताई, म्या सोडत हुतो त्याला. सोडायचं कसं, ते त्यात दावलंच न्हाई.”

तिच्या हातातलं बळ गेलं नाही. उलट ते वाढलं, आणि तो क्षण ती जन्मभर विसरणार नव्हती. पोरगं खरं बोलत होतं. त्यानं हात ओढून घेतले ते जिंकल्यावर नाही, भैरूनं मातीवर हात आपटले म्हणून. एखाद्याला सोडावं म्हणून माणूस जे करील तेच त्यानं केलं होतं. लावायचा डाव तिनं यंत्राला दिला होता. सोडायचा दिला नव्हता, कारण त्यानं किमतीत काही फरक पडत नव्हता.

आणि पेढीत एक माणूस फाटक्या ओठाला रुमाल लावून ह्याच मानेकडं बघत बसला होता. अर्धं त्याला मिळालं होतं. उरलेलं अर्धं तिच्या दंडात होतं. ती आत्ता जरा मागं झुकली, की तेही त्याच्या पदरात पडणार होतं, आणि त्याला बोटही उचलावं लागणार नव्हतं.

तिला हक्क होता, असं त्या मैदानावर कुणीही म्हटलं असतं. सक्ती कुणाचीच नव्हती.

सोड, असं आबा म्हणायचे. पुन्हा लाव. पुन्हा सोड.

तिनं छाती पुढं झुकवली. पाठ उघडी टाकली. कोपर आत घेतलं, आणि शेळके तिच्या हातातून खोकत, ओकत बाजूला गडगडला. ती उताणी पडली. दोन्ही खांदे मातीला लागले. गर्दीतला कुणीतरी, सवयीनं, “चीत” म्हणून ओरडला.

शेजारी, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर, भैरूही तसाच पडला होता. तिनं हात लांब केला. आबांनी तो झटकला नाही, धरलाही नाही. वर खांबावर शेळक्याचा भाव पुन्हा चढायला लागला होता, आणि त्याची मंदी संध्याकाळपर्यंत रद्दी होणार होती. पंच जवळ आले, वाकले, आणि उठा म्हणाले. ती उठली नाही.